हौद मध्येच आटला तर?

समजा, आकाशवाणीच्या एखाद्या केंद्रावर बातम्या वाचण्यासाठी तुम्हाला बसविले आहे. लाल दिवा लागला आणि तुम्ही वाचू लागलात. बातमीपत्र बारा पानांचे आहे, पण तुमच्या हातात पहिली दोनच पाने आहेत. उरलेली पाने शेजारच्या खोलीत तयार आहेत आणि एक शिपाई ती दोन-दोन करून तुमच्या टेबलावर आणून ठेवणार आहे. एक पान वाचायला तुम्हाला एक मिनिट लागते. शिपायाची एक खेप मात्र दहा सेकंदांत होते. म्हणजे काळजीचे काहीच कारण नाही, नाही का?

पण पहिल्याच खेपेला साहेबांनी शिपायाला हाक मारली आणि चहा आणायला पिटाळले. चहाला तीन मिनिटे लागली. तुमची दोन पाने दोन मिनिटांत संपली. आता काय करणार? खरा निवेदक खाकरेल, घोटभर पाणी पिईल, वेळ मारून नेईल. आपल्या या केंद्राचा नियम मात्र विचित्र आहे. श्रोत्यांना बजावून ठेवले आहे की, आवाज थांबला की बातमीपत्र संपले असे समजा. शिवाय अगदी शेवटी पडताळणीसाठी एक आकडा सांगितला जाईल. तो जुळला नाही तर ऐकलेले सगळे खोडून टाका. म्हणजे तुम्ही क्षणभर थांबलात की वाचलेली दोन्ही पाने वाया गेली!

असे आकाशवाणी केंद्र कोठेही नाही. पण जाळ्याला जोडलेल्या प्रत्येक संगणकाच्या पोटात अगदी याच नियमाने वागणारा एक निवेदक बसलेला असतो. त्याचे नाव नेटवर्क कार्ड. संगणकाच्या स्मृतीतील मजकूर घेऊन तो तारेवर पाठविणे आणि तारेवरून आलेला मजकूर स्मृतीत नेऊन ठेवणे हे त्याचे काम. आज आपण त्याच्या पाठविण्याच्या कामातील एक खोड पाहणार आहोत. ती कशी सापडते आणि कशी दुरुस्त करतात, हेही पाहू.

प्रथम तारेचे नियम समजून घेऊ. संगणक जोडण्याच्या या पद्धतीला इथरनेट म्हणतात. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ साली मे महिन्यात तिचा आराखडा एका टिपणात मांडला आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या साथीने ती प्रत्यक्षात उतरविली. प्रकाश ज्यातून प्रवास करतो अशी एकोणिसाव्या शतकातील शास्त्रज्ञांची कल्पना होती, त्या ‘ईथर’चे नाव या पद्धतीला दिले. ईथर अस्तित्वात असल्याचा पुरावा मायकेलसन आणि मोर्ले यांना १८८७ सालच्या प्रयोगात मिळाला नाही, आणि पुढे भौतिकशास्त्राने ते टाकून दिले. नाव मात्र टिकले, आणि तेही तांब्याच्या तारेला चिकटून! पुढे १९८० साली डिजिटल इक्विपमेंट, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी मिळून तिचा सेकंदाला एक कोटी बिटांचा नमुना प्रसिद्ध केला. १९९५ साली दसपट वेगाचा, म्हणजे सेकंदाला दहा कोटी बिटांचा नमुना आला.

इथरनेटवर मजकूर सलग जात नाही, पुडक्या-पुडक्यांनी जातो. अशा एका पुडक्याला फ्रेम म्हणतात. फ्रेम कमीत कमी ६४ बाइटची आणि जास्तीत जास्त १५१८ बाइटची असते, आणि एक बाइट म्हणजे आठ बिट, हे तुम्हाला ठाऊक आहेच. फ्रेमचे शेवटचे चार बाइट हा आपला ‘पडताळणीचा आकडा’. तो आधीच्या सर्व बाइटांवरून गणिताने काढलेला असतो. घेणारा संगणक तेच गणित स्वतः करून पाहतो. उत्तर जुळले नाही तर तो फ्रेम टाकून देतो, आणि ती टाकून दिल्याचे पाठविणाऱ्याला कळवीतही नाही.

आता महत्त्वाची गोष्ट. फ्रेम एकदा सुरू झाली की मध्ये थांबण्याची सोय नाही. ‘जरा थांबा, पुढचे बाइट येत आहेत’ असे सांगणारी खूणच या भाषेत नाही. तारेवर शांतता झाली की घेणारा समजतो, फ्रेम संपली.

आता थोडे आकडे मांडू. दहा कोटी बिटांच्या वेगाने एक बाइट तारेवर जायला किती वेळ लागतो? आठ भागिले दहा कोटी सेकंद, म्हणजे ०.०८ मायक्रोसेकंद. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लक्षावा भाग. १५१८ बाइटची मोठी फ्रेम जायला सुमारे १२१ मायक्रोसेकंद लागतात. एवढ्या वेळात कार्डाला दर ०.०८ मायक्रोसेकंदाला एक याप्रमाणे बाइट मिळालेच पाहिजेत. ते येतात कोठून? संगणकाच्या मुख्य स्मृतीतून. त्यासाठी संगणकात एक सामाईक रस्ता असतो, त्याला बस म्हणतात. १९९०च्या दशकात घरोघरच्या संगणकांत पीसीआय नावाची बस आली. ती एका ठोक्याला चार बाइट नेई आणि सेकंदाला तीन कोटी तीस लक्ष ठोके देई. चार गुणिले तीन कोटी तीस लक्ष, म्हणजे सेकंदाला तेरा कोटी वीस लक्ष बाइट. तारेला हवे असतात सेकंदाला फक्त सव्वा कोटी. पुरवठा मागणीच्या दहापटीहून अधिक!

मग तुटवडा पडेलच कसा? इथेच पुष्कळ जण फसतात. आपला शिपाईही सरासरीने तुमच्यापेक्षा कितीतरी चपळ होताच की! पण बस सामाईक आहे. तिच्यावरून तबकडीचा मजकूर जातो, पडद्यावरची चित्रे जातात, आवाज जातो. ज्याची पाळी येईल त्याने काही वेळ रस्ता अडवायचा आणि मग सोडायचा. आपल्या कार्डाला पाळी मिळेपर्यंत वीस मायक्रोसेकंद गेले तर? सरासरीच्या हिशेबात ते दिसणारही नाहीत. पण तारेला तेवढ्या वेळात २५० बाइट हवे असतात.

यावर उपाय म्हणून कार्डाच्या चिपमध्ये एक छोटा हौद ठेवलेला असतो. एका बाजूने बसवरून बाइट येऊन पडतात, दुसऱ्या बाजूने तारेवर निघून जातात, आणि जो आधी आला तो आधी जातो. संगणकाच्या भाषेत या हौदाला बफर म्हणतात. फ्रेम अर्ध्यावर असताना हा हौद कोरडा पडला, तर त्या घटनेला म्हणतात बफर अंडरफ्लो. अशा वेळी चिप फ्रेम तिथेच तोडते आणि घेणाऱ्याच्या पडताळणीत ती नापास होईल अशी व्यवस्था करते.

१९८०च्या दशकात एएमडी कंपनीची लान्स नावाची एक चिप पुष्कळ यंत्रांत होती. तिचा हौद केवढा असेल? फक्त ४८ बाइटचा! त्या काळच्या एक कोटी बिटांच्या वेगाने तो हौद ३८.४ मायक्रोसेकंदांत रिता होत असे. अंडरफ्लो झाला की ही चिप आपला पाठविणारा भाग चक्क बंदच करून घेई. ऐकणे चालू, बोलणे बंद. तिला पुन्हा बोलती करण्याचे काम होते ड्रायव्हरचे.

हा ड्रायव्हर म्हणजे गाडी हाकणारा नव्हे बरे का! चिपला काय करायचे ते सांगणारी आणि तिची तक्रार ऐकून घेणारी जी आज्ञावली असते, तिला ड्रायव्हर म्हणतात. ती आज्ञावली लिहिणाऱ्याने ‘अंडरफ्लो झाला’ या सूचनेकडे काणाडोळा केला, तर लान्स मुकी होऊन बसे आणि वापरणाऱ्याला वाटे की तार तुटली.

आता आणखी एक प्रश्न. फ्रेम पाठवायला सुरुवात केव्हा करायची? हौदात पहिला बाइट पडताच सुरू केले तर वेळ वाचतो, पण गंगाजळी शून्य. पूर्ण फ्रेम हौदात आल्यावरच सुरू केले तर अंडरफ्लो होणेच शक्य नाही. पण त्यासाठी हौद निदान एका फ्रेमएवढा तरी हवा, आणि फ्रेम भरेपर्यंत तार रिकामी बसते. म्हणून चिप बनविणाऱ्यांनी मधला मार्ग काढला: हौदात अमुक बाइट जमले की सुरू करा. या आकड्याला आपण उंबरठा म्हणू. पाणी उंबरठ्यापर्यंत चढले की नळ सोडायचा.

डिजिटल इक्विपमेंट कंपनीने १९९०च्या दशकात २११४० क्रमांकाची एक चिप काढली. तिच्या घराण्याला ट्यूलिप म्हणत. या चिपमध्ये उंबरठा ड्रायव्हरने निवडायचा असे, आणि त्यासाठी चार पायऱ्या होत्या. दहा कोटी बिटांच्या वेगाला १२८, २५६, ५१२ आणि १०२४ बाइट. एक कोटीच्या वेगाला ७२, ९६, १२८ आणि १६०. कागद-पेन्सिल घ्या आणि सर्वांत खालच्या पायऱ्यांची तुलना करा. संथ तारेवर ७२ बाइट म्हणजे ५७.६ मायक्रोसेकंदांची उसंत. वेगवान तारेवर १२८ बाइट म्हणजे केवळ १०.२४ मायक्रोसेकंदांची. बाइट जवळजवळ दुप्पट झाले, उसंत मात्र पाचव्या हिश्शाहूनही कमी झाली! जुन्या संथ तारेवर वर्षानुवर्षे सुरळीत चाललेली यंत्रे नव्या तारेला जोडताच कुरकुरू का लागत, ते या गणितात आहे. सर्वांत वरची पायरीही पुरली नाही, तर ‘पूर्ण साठवा, मगच पाठवा’ असा एक निराळा बिट या चिपमध्ये होता.

लिनक्स या मुक्त संगणक प्रणालीसाठी ट्यूलिपचा, लान्सचा आणि आणखी कितीतरी कार्डांचा ड्रायव्हर डोनाल्ड बेकर यांनी लिहिला. ते त्या वेळी नासाच्या गोडार्ड अंतराळ केंद्रात होते. १९९४ साली त्यांनी आणि थॉमस स्टर्लिंग यांनी बाजारात मिळणारे १६ साधे संगणक इथरनेटने जोडून महासंगणकासारखे काम करणारी ‘बेओवुल्फ’ नावाची जोडणी उभी केली. अशा जोडणीत प्रत्येक यंत्र शेजाऱ्याच्या उत्तराची वाट पाहत असते. एक फ्रेम हरवली तर ती हरवल्याचे कळायला आणि पुन्हा पाठवायला कधी कधी सेकंदाचा पाचवा भागही जातो. १२१ मायक्रोसेकंदांच्या कामाला दोन लक्ष मायक्रोसेकंदांचा दंड! ड्रायव्हर नीट लिहिणे हे तेथे किती निकडीचे असेल, याची यावरून कल्पना करा.

ट्यूलिपच्या ड्रायव्हरने करायचे ते असे. अंडरफ्लोची सूचना आली की पाठविणारा भाग थांबवायचा. तो चालू असताना उंबरठा बदलण्यास चिपच्या नियमपुस्तिकेची मनाई आहे. मग एक पायरी वर चढायचे आणि तो भाग पुन्हा सुरू करायचा. पायऱ्या संपल्या तर पूर्ण साठवण्याचा बिट लावायचा. फ्रीबीएसडी नावाच्या दुसऱ्या एका प्रणालीत अशा वेळी नोंदवहीत एक ओळ उमटत असे: तुटवडा झाला, उंबरठा वाढवीत आहे. ती ओळ दोन-तीनदा येऊन बंद झाली की समजावे, या यंत्राला साजेशी पायरी सापडली.

ऐकायला किती सोपे वाटते! पण अशाच एका दुरुस्तीने मला पुरते दमविले होते, तो किस्सा सांगतो. २००५च्या सुमारास एका शाळेला दहा जुने संगणक देणगी मिळाले. ते एकमेकांना जोडले, मुलांनी लिनक्सही चढविले. पण एका यंत्रावरून दुसऱ्यावर २० मेगाबाइटची फाइल न्यायला पाच मिनिटांहून अधिक वेळ लागे. गणिताप्रमाणे तिला दोन सेकंद पुरायला हवे होते. तार बदलली, जोडपेटी बदलली, काही फरक नाही. ‘भंगारात काढा आणि खोली मोकळी करा’ असा निरोप वरून आला आणि आठवड्याची मुदत मिळाली.

त्या आठवड्यात तीन गोष्टी ध्यानात आल्या. पहिली, यंत्रे मजकूर घेताना झकास चालत, पाठवतानाच अडत. दुसरी, तबकडीवर दुसरे काही काम चालू असताना अडत. तबकडी शांत असली की तीच लांब फ्रेम निमूटपणे जाई. तार सदोष असती, तर तिला तबकडीशी काय देणेघेणे? तिसरी गोष्ट नववीतल्या एका मुलीने हेरली. छोटे संदेश कधीच हरवत नसत. ती म्हणाली, ‘सर, छोटा संदेश उंबरठ्याहून लहान असेल तर तो आधीच पुरता हौदात आलेला असणार. मग हौद आटेल कसा?’ मी कपाळावर हात मारला. तीन दिवस मी तारा हलवीत बसलो होतो!

म्हणजे दुखणे अंडरफ्लोचे, हे ठरले. पण ड्रायव्हर तर उंबरठा वाढवीत होता. नोंदवहीत तशी ओळ होती. एक नव्हे, तशा शेकडो ओळी होत्या, आणि प्रत्येक ओळीत पायरी तीच: १२८ वरून २५६. शाळेचाच एक माजी विद्यार्थी अभियांत्रिकी शिकत होता. त्याने ड्रायव्हरची मूळ आज्ञावली उघडली आणि सगळे मिळून ती ओळीओळीने वाचू लागलो. उंबरठा वाढविण्याची ओळ जागेवर होती. पण तिच्याच पुढे, खबरदारी म्हणून, सारे कार्ड पहिल्यापासून सुरू करण्याची आज्ञा होती. आणि कार्ड पहिल्यापासून सुरू करताना ड्रायव्हर काय करी? उंबरठा पुन्हा १२८! पाठ केलेले पुस्तक मिटताच विसरणाऱ्या मुलासारखी गत. दर वेळी फ्रेम तुटे, कार्ड नव्याने सुरू व्हायला वेळ जाई, आणि पुढच्या फ्रेमला तोच खेळ पुन्हा.

उपाय पाच-सहा ओळींचा निघाला. वाढविलेला उंबरठा चिपमध्ये ठेवला की तो पुसला जातो. म्हणून तो ड्रायव्हरने स्वतःच्या स्मृतीत टिपून ठेवायचा आणि कार्ड सुरू करताना १२८ न लिहिता ही टिपलेली संख्या लिहायची. त्याचबरोबर अंडरफ्लो झाल्यास सारे कार्ड नव्याने सुरू न करता फक्त पाठविणारा भाग थांबवून चालू करायचा. शनिवारी दुपारी नवी आज्ञावली चढविली. तबकडीला मुद्दाम काम लावले आणि फाइल सोडली. नोंदवहीत दोन ओळी आल्या: २५६, ५१२. मग काही नाही. फाइल तीन सेकंदांत पोचली. त्या मुलीने खात्री करण्यासाठी ती आणखी दहा वेळा पाठवायला लावली. खोली पुढे चार वर्षे त्याच संगणकांकडे राहिली.

अंडरफ्लोची ही खोड केवळ नेटवर्क कार्डाची नाही. कॉम्पॅक्ट डिस्क घरी लिहिता येऊ लागल्या तेव्हा लिहिणाऱ्या यंत्राचा हौद आटला की ती डिस्क कायमची फुकट जाई, आणि लोक तिच्यावर चहाचा पेला ठेवीत. २००० साली सॅन्यो कंपनीने लिहिणे तोडून पुन्हा तेथूनच अचूक जोडून घेण्याची युक्ती बाजारात आणली, आणि डिस्कपुरता प्रश्न सुटला. डिस्क थांबून वाट पाहू शकते. तारेला ती सवलत नाही.

आता एक प्रयोग करून पाहा. तीन मित्र घ्या आणि १ ते ४० आकड्यांच्या चिठ्ठ्या करा. पहिल्याने संथ, एकसारख्या टाळ्या वाजवायच्या. दुसऱ्याने टाळीगणिक समोरच्या वाडग्यातली एक चिठ्ठी उचलून आकडा वाचायचा. वाडगा रिकामा सापडला की तो हरला. तिसऱ्याने खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून एका खेपेला पाच चिठ्ठ्या आणायच्या. मात्र प्रत्येक खेपेपूर्वी त्याने फासा टाकायचा आणि सहा पडले तर जागीच दहा टाळ्या होईपर्यंत थांबायचे. वाडग्यात दोन चिठ्ठ्या असताना वाचायला सुरुवात करा. मग पाच, दहा आणि पंधरा असताना. प्रत्येक उंबरठ्याला वीस-वीस डाव खेळा आणि किती वेळा हरलात त्याचा आलेख काढा. उंबरठा पंधराच्या पुढे नेऊन किती फायदा होतो, तेही तपासा.

शेवटी एक गणित तुमच्यासाठी. आज मोठ्या संगणक केंद्रांत सेकंदाला एक हजार कोटी बिट नेणाऱ्या तारा सर्रास असतात. स्मृतीतून बाइट मागवून ते कार्डापर्यंत पोचायला समजा एक मायक्रोसेकंद लागतो. तेवढ्या वेळात अशी तार किती बाइट पिऊन टाकील? आणि लान्सचा ४८ बाइटचा हौद तिला जोडला, तर तो किती वेळ पुरेल?